वाकडी रेघ दिसली म्हणून तो फर्मी आर्क नव्हे

टँटलम आर्सेनाइडवर फोटॉन मारून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि दिशा मोजायला पहिल्यांदा बीमटाइम (सिंक्रोट्रॉनवरची ठरलेली वेळ) मिळालेल्यांसाठी हे लिहितेय. फर्मी आर्क म्हणजे पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉन-अवस्थांची, दोन टोकं असलेली उघडी रेघ; ती वाइल बिंदूंच्या जागी संपते. माझ्या पहिल्या खेपेला पहाटे तीनला पडद्यावर बो टायसारखा ठसठशीत आकार उमटला आणि मी सरांना झोपेतून उठवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मोजलंस का?" मोजलं नव्हतं. तो आकार पृष्ठभागावरच्या तुटलेल्या बंधांचा होता, त्यात टोपॉलॉजीचा (म्हणजे वाइल बिंदूंमुळे सक्तीने येणाऱ्या आर्कचा) काही संबंध नव्हता.

आधी सॅम्पल. हा स्फटिक बिस्मथ सेलेनाइडसारखा पापुद्र्यांचा नाही, त्यामुळे सरळ तुटत नाही. खाली चांदीचा इपॉक्सी, वर सिरॅमिकची काडी, आणि काडीला धक्का चेंबरच्या आतच द्यायचा. निर्वात 10⁻¹⁰ टॉरपेक्षा (टॉर हे दाबाचं एकक) चांगला हवा. सपाट जागा टीचभरही मिळत नाही. बीम सरकवत शोधा. चार-पाच सॅम्पल चिकटवून न्या, दोन तरी फुकट जाणारच.

पृष्ठभागाच्या अवस्था बघायला फोटॉन साधारण 90 इलेक्ट्रॉनव्होल्टचे घ्या, कारण इलेक्ट्रॉन वरच्या काही अँगस्ट्रॉममधूनच सुटतात. वाइल बिंदू, म्हणजे जिथे दोन ऊर्जापट्टे एकमेकांना भिडतात ते बिंदू, मात्र आतल्या स्फटिकाच्या अवस्थांचे असतात. ते बघायला सॉफ्ट एक्स-रे लागतात.

आता मोजणी. एकूण 24 वाइल बिंदू. त्यांतल्या आठांच्या (डब्ल्यू-1) सावल्या पृष्ठभागाच्या नकाशावर एकेकट्या पडतात, पण जोडीतलं अंतर इतकं कमी की त्यांच्यामधला आर्क सुटा दिसतच नाही. त्यांचा नाद सोडा. उरलेले सोळा (डब्ल्यू-2) पृष्ठभागावर दोन-दोन एकावर एक पडतात, तेही सारख्याच कायरॅलिटीचे (म्हणजे सारख्याच चिन्हाचे, + किंवा −). म्हणजे प्रत्येक ठिकाणी भार +2 किंवा −2, आणि तिथून दोन आर्क निघतात. चंद्रकोरीसारखे दिसतात ते हेच.

अशा एका ठिकाणाभोवती बंद लूप काढा. लूपवर कुठेही बल्कचा (आतल्या स्फटिकाचा) ऊर्जापट्टा फर्मी पातळीला, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेला, लागता कामा नये, नाहीतर मोजणीला अर्थ उरत नाही. मग लूपवरून एकाच दिशेने चालत जा: पट्टा फर्मी पातळी ओलांडून वर चढला तर +1, खाली उतरला तर −1. साधी बंद रेघ लूपमध्ये शिरते तशी बाहेरही पडते, म्हणून बेरीज शून्य. आर्क आत संपतो, म्हणून इथे 2 उरतात. नवखे "विषम संख्या आली की आर्क" एवढंच पाठ करून येतात. इथे दोन छेद म्हणजे सम संख्या, आणि तरीही आर्कच! चिन्ह बघितल्याशिवाय डेटा कुणाला दाखवू नका.

शेवटी फोटॉनची ऊर्जा बदलून पाहा. रेघ जागची हलली नाही, तर ती पृष्ठभागाचीच. पण बो टायही हलत नाही, हे विसरू नका.

आणि हो, तुटलेल्या कणांत आर्सेनिक आहे. हातमोजे घाला आणि ते केराच्या टोपलीत टाकू नका.