कॅथलिक ख्रिस्ती आहेत का, हे कसे ठरवावे

कॅथलिक ख्रिस्ती आहेत. जगातील एकूण ख्रिस्ती लोकांपैकी जवळपास निम्मे कॅथलिक आहेत आणि त्यांना वगळून ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहिताच येत नाही. तरीही ‘तुम्ही कॅथलिक की ख्रिस्ती?’ असा प्रश्न अनेकांना विचारला जातो, कधी अजाणतेपणी, कधी ठाम मतभेदातून, आणि ज्याला तो विचारला जातो त्याच्या मनाला तो लागतो. म्हणून हा निर्णय कोणत्या आधारावर करावा आणि समोरच्याला तो कसा समजावून सांगावा, हे नीट पाहिले पाहिजे.

विचारणाऱ्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते आधी ओळखावे. ज्याला केवळ धर्माची विभागणी समजून घ्यायची आहे, त्याला कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या एकाच ख्रिस्ती धर्माच्या मुख्य शाखा आहेत, एवढे सांगणे पुरते. दुसऱ्या कोणाला कॅथलिकांची शिकवण बायबलशी जुळते का, अशी शंका असते. तिसऱ्याचा प्रश्न माणसाच्या अंतःकरणाविषयी असतो: या व्यक्तीचा येशूवर खरा विश्वास आहे का, तिचे तारण झाले आहे का? काही सुवार्तिक, म्हणजे वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) ‘ख्रिस्ती’ हा शब्द याच शेवटच्या अर्थाने वापरतात आणि तेथे तो नाममात्र प्रोटेस्टंटालाही लावत नाहीत. हा तिसरा प्रश्न एकेका व्यक्तीचा आहे. त्यावरून कोट्यवधी लोकांच्या समूहाचा निवाडा करणे मला अन्यायाचे वाटते.

शिकवणुकीची शंका असल्यास मतांगीकारापासून, म्हणजे विश्वासाच्या अधिकृत कबुलीपासून, सुरुवात करावी. इ. स. 325 मध्ये निकीया येथे आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या परिषदांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावरील विश्वासाची जी मांडणी केली, ती कॅथलिक उपासनेत आजही म्हटली जाते. येशू खरा देव आणि खरा मनुष्य आहे, तो वधस्तंभावर मरण पावला आणि पुन्हा उठला, हे तिचे गाभ्याचे विधान बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्याही मानतात. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तके आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66, हा फरक खरा आहे. परंतु तो सगळा जुन्या करारातला आहे. नव्या कराराची 27 पुस्तके दोघांचीही तीच आहेत.

यानंतर बाप्तिस्म्याकडे, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या पाण्याच्या संस्काराकडे, वळावे. माझ्या मते ही सर्वांत विश्वासार्ह कसोटी आहे, कारण येथे मंडळ्या काय बोलतात यापेक्षा त्या प्रत्यक्षात काय करतात ते दिसते. एखादा कॅथलिक दुसऱ्या मंडळीत गेला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देतात की त्याचा आधीचाच ग्राह्य धरतात? प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने पोपवर अत्यंत कठोर टीका केली, पण 1528 मध्ये पुनर्बाप्तिस्म्याच्या (पुन्हा बाप्तिस्मा देण्याच्या) विरोधात लिहिताना, पोपच्या सत्तेखालीही खरे पवित्र शास्त्र आणि खरा बाप्तिस्मा आहे, हे त्याने स्पष्टपणे मान्य केले. दुसऱ्या बाजूला, कॅथलिकांच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547 मध्ये, म्हणजे प्रोटेस्टंटांशी संघर्ष ऐन भरात असताना, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने योग्य हेतूने दिलेला बाप्तिस्मा, तो पाखंडी मानलेल्या व्यक्तीने दिला असला तरी, खराच असल्याचे ठरवले. एकमेकांना शाप देणाऱ्या या दोन्ही बाजूंनी परस्परांचा बाप्तिस्मा मात्र नाकारला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे 1964 मध्ये कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर मंडळ्यांतील बाप्तिस्मा घेतलेल्यांना प्रभूमधील भाऊ म्हणून स्वीकारले, आणि 2007 मध्ये जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मिळून 11 मंडळ्यांनी परस्परांच्या बाप्तिस्म्याला लेखी मान्यता दिली.

अपवादही प्रामाणिकपणे सांगावेत. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट मंडळीच्या एका शाखेने 1845 मध्ये कॅथलिक बाप्तिस्मा अमान्य ठरवला, तेव्हा त्याच शाखेतील ईश्वरविद्येचे नामवंत अभ्यासक चार्ल्स हॉज यांनी त्या ठरावाला विरोध केला. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट मंडळ्या पूर्वीच्या कॅथलिकांना पुन्हा बाप्तिस्मा देतात. मात्र त्यांचा मुख्य आक्षेप तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्यावर आहे, आणि तो लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या प्रोटेस्टंटांनाही तसाच लागू होतो.

आता नेहमीचे आक्षेप. कॅथलिक येशूच्या आईची, मारियेची, पूजा करतात असे कोणी म्हटल्यास, कॅथलिक शिकवणुकीनुसार आराधना केवळ देवाची होते, तर मारिया आणि संत यांना सन्मान दिला जातो व आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली जाते, हे सांगावे. हा भेद प्रत्यक्ष भक्तीत नेहमी पाळला जातो का, याबद्दल प्रोटेस्टंटांची काळजी गांभीर्याने ऐकावी. कॅथलिक सत्कर्मांनी तारण विकत घेऊ पाहतात, असा आक्षेप आल्यास 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन (ल्यूथरच्या परंपरेतील प्रोटेस्टंट) प्रतिनिधींनी स्वाक्षऱ्या केलेली संयुक्त घोषणा दाखवावी. आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपला स्वीकार करतो, असे तिच्यात दोघांनी मिळून म्हटले आहे. इतर प्रोटेस्टंटांपैकी मेथडिस्टांनी 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनी 2017 मध्ये तिला संमती दिली. पोपचा अधिकार, शुद्धिस्थान (मृत्यूनंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) आणि प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षारसाचा संस्कार) यांवरील मतभेद मात्र मिटलेले नाहीत. ते मिटले आहेत असे भासवू नये.

लिहिताना ‘कॅथलिक आणि ख्रिस्ती’ अशी जोडी टाळून ‘कॅथलिक आणि प्रोटेस्टंट’ असे लिहावे, कारण पहिल्या जोडीत निकाल आधीच दिलेला असतो. एवढे ऐकूनही कोणी ‘कॅथलिक ख्रिस्ती नाहीत’ यावर ठाम राहिला, तर वाद न वाढवता त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: तुमची मंडळी ख्रिस्ती असण्याची कोणती अट घालते, आणि कॅथलिक ती अट कोठे पूर्ण करत नाहीत? उत्तर बाप्तिस्म्याबद्दल आले, तर बाप्तिस्म्यावरच बोलावे. पोपबद्दल आले, तर पोपच्या अधिकारावर बोलावे.