सॉकेट सर्व्हर एकाचे दोन करताना या चुका टाळा

सॉकेट.आयओ (ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये लाइव्ह मेसेजची ये-जा करणारी लायब्ररी) वापरणाऱ्या सर्व्हरचा एक इन्स्टन्स, म्हणजे एक चालू प्रत, नीट चालतो. दुसरा जोडला की कन्सोलवर ४०० एररची रांग लागते, मजकूर एकच: 'सेशन आयडी अननोन'. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "रेडिस अडॅप्टर टाक", म्हणजे रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटा सर्व्हरमार्फत इन्स्टन्स एकमेकांना जोड. कृपा करून हा सल्ला देऊ नका. अडॅप्टरने ही एरर जात नाही.

कनेक्शन आधी लाँग-पोलिंगने (एकामागून एक एचटीटीपी रिक्वेस्ट) सुरू होतं, मग वेबसॉकेटवर (एकच उघडं राहणारं कनेक्शन) जातं. पहिल्या रिक्वेस्टला 'अ' इन्स्टन्सने आयडी दिला आणि पुढची रिक्वेस्ट बॅलन्सरने (इन्स्टन्समध्ये रिक्वेस्ट वाटणारा) 'ब'कडे पाठवली, तर 'ब'ला तो आयडी ठाऊकच नसतो. स्टिकी सेशन लावा (एका युजरच्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच इन्स्टन्सकडे), नाहीतर क्लायंटच्या ट्रान्सपोर्टमध्ये फक्त वेबसॉकेट ठेवा. वेबसॉकेट अडवणाऱ्या नेटवर्कमधले युजर नसतील तर दुसरा मार्ग बरा.

अडॅप्टरचं काम वेगळं: 'अ'वरचा ब्रॉडकास्ट 'ब'वरच्या लोकांपर्यंत नेणं. तो लावायचा राहिला तर स्टिकी सेशनच ती चूक झाकतं. बॅलन्सर म्हणून एन्जिनएक्स असेल तर त्याचा आयपी_हॅश (स्टिकी सेशनचा एक मार्ग) आयपीव्ही४ पत्त्याच्या चार भागांपैकी पहिले तीनच बघतो. एका ऑफिसातून दहा जण टेस्ट करतात, दहाही एकाच इन्स्टन्सवर जातात, चॅट सुरळीत दिसतं, टीम घाईने लाइव्ह जाते. मग तक्रारी येतात की काहींचे मेसेज काहींना दिसतच नाहीत. लॉगमध्ये एकही एरर नसते, म्हणून दोन दिवस फ्रंटएंडवाल्यांना धारेवर धरलं जातं. हे टाळायला पाच मिनिटं पुरतात: बॅलन्सर बाजूला ठेवा, एक टॅब थेट 'अ'च्या पोर्टला (समजा ३००१) जोडा, दुसरा 'ब'च्या (समजा ३००२). इकडचा मेसेज तिकडे उमटला तरच अडॅप्टर चालू आहे असं समजा.

अडॅप्टरला रेडिसचे दोन क्लायंट द्या, एक मेसेज पाठवायला (पब्लिश), एक ऐकायला (सब्स्क्राइब). सब्स्क्राइबचा क्लायंट डुप्लिकेट करून घ्यायचा.

शांत कनेक्शन बरोबर ६० सेकंदांनी तुटत असेल तर तो एन्जिनएक्सच्या प्रॉक्सी_रीड_टाइमआउटचा डिफॉल्ट आहे. सॉकेट.आयओचा पिंग (कनेक्शन जिवंत आहे का बघणारा छोटा मेसेज) २५ सेकंदांनी जातो, तिथे ही अडचण येत नाही. नुसती डब्ल्यूएस (नोडची साधी वेबसॉकेट लायब्ररी) वापरत असाल तर पिंग स्वतः लावा. टाइमआउट थेट एक दिवसाचा करणं हा आळस आहे. मेलेली कनेक्शनं पडून राहतात.

एन्जिनएक्सचं वर्कर_कनेक्शन्स (एका वर्करच्या एकावेळच्या कनेक्शनची मर्यादा) मुळात ५१२ असतं, आणि प्रॉक्सीत प्रत्येक युजर त्यातली दोन घेतो: एक ब्राउझरकडचं, एक इन्स्टन्सकडचं.

अडॅप्टर ज्यावर चालतो ते रेडिसचं पब-सब (पब्लिश-सब्स्क्राइब) मेसेज साठवत नाही. नेट गेलं तेवढ्या वेळातले मेसेज त्या युजरला परत मिळत नाहीत. रीकनेक्ट होताच शेवटच्या मेसेजचा आयडी पाठवून पुढचे डेटाबेसमधून मागवा.