क्यूचं वजन बदलायला शिकताय? आधी तोल बघा

क्यू म्हणजे पूल खेळायची काठी. तिच्या दुरुस्तीच्या कामात नव्या माणसाला आधी टिप (पुढच्या टोकावरचं चामडं) बसवायला शिकवतात, ते बरोबरच आहे. पुढे बटचं, म्हणजे मागच्या जाड भागाचं काम हातात आलं की मात्र सगळ्यांना वाटतं, हे तर सोपं. बंपर (टोकाचं रबर) काढा, ॲलन की (षटकोनी चावी) घाला, आतला वजनाचा बोल्ट बदला, काट्यावर ठेवा, झालं. मला हे काम उमगायला फार वेळ लागला आणि आजही एखादा क्यू दिवसभर छळतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, काटा सगळ्यात शेवटी वापरायचा.

गिऱ्हाईक म्हणतं, "19 चा 20 औंस करून द्या." तुम्ही एक औंसाचा, म्हणजे साधारण 28 ग्रॅमचा बोल्ट चढवता. काटा बरोबर 20 दाखवतो. चार दिवसांनी तोच माणूस परत येतो, "पुढून हलका लागतोय हो." वजन तर वाढवलंय, मग हलका कसा? इथेच मी कितीतरी दिवस अडकून होतो, आणि समजावून सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

वेट बोल्ट बटच्या अगदी शेपटाला बसतो. समजा, 19 औंसांचा क्यू बोटावर आडवा धरला तर बंपरच्या टोकापासून 47 सेंटिमीटरवर तोलला जातो. 19 गुणिले 47 म्हणजे 893. नवा औंस टोकापासून 4 सेंटिमीटरवर बसला, त्याचे 4 मिळवले की 897. आता वजन 20 झालं, त्याने भागा: 44.85. म्हणजे तोल दोन सेंटिमीटरहून जास्त मागे सरकला. मागच्या हातात क्यू जड झाला, ब्रिजवर, म्हणजे क्यू टेकवायच्या पुढच्या हातावर, मात्र त्याचा भार उतरला. गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं, काटाही खोटा नव्हता.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे बोल्ट आत खोल ढकल. करून बघा गणित. टोकापासून 12 सेंटिमीटरवर बसवला तरी तोल 45.25 वर येतो, फरक जेमतेम चार मिलिमीटरचा. तेवढ्यासाठी भोक खोल करत बसू नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा, ती फार कामाची आहे. त्याच क्यूतून अर्धा औंस काढला तर तोल 48 च्या पुढे जातो. "पुढून भरीव हवा" म्हणणाऱ्या कित्येकांचं समाधान वजन घटवूनच होतं. स्टीलच्या जागी तेवढ्याच लांबीचा ॲल्युमिनियमचा बोल्ट घातला तर बोल्टचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. एकूण वजन वाढवून शिवाय तोलही पुढे हवा असेल तर ते शेपटाच्या बोल्टने होणार नाही, त्याला जॉइंटकडे, म्हणजे क्यूचे दोन तुकडे जुळतात तिथे, हात घालावा लागतो. तसं तोंडावर सांगा. नाही म्हणता येणं हाही या धंद्याचा भाग आहे.

म्हणून क्यू हातात आला की आधी तोलाच्या जागी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा. मग खेळाडूला शॉटच्या पवित्र्यात उभं करा आणि त्याचा मागचा हात कुठे पडतो ते बघा. बोल्ट नंतर. घाबरू नका, थोड्याच दिवसांत बोटांनाच कळायला लागतं. पूल स्पर्धेच्या नियमांत क्यूला 25 औंसांची कमाल मर्यादा आहे, किमान मर्यादाच नाही. त्यामुळे 19 की 20 यावरून वाद घालणाऱ्याशी हुज्जत घालू नका.

आता दुरुस्ती. सगळ्यात जास्त तक्रार खुळखुळण्याची असते. शाफ्ट (पुढचा बारीक तुकडा) काढा, बट जॉइंटजवळ दोन बोटांत सैल धरा आणि मुठीने ग्रिपवर हलकेच ठोका. मग बंपर काढून ठोका, मग बोल्ट काढून. बोल्टबरोबर आवाज गेला तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊन बोल्ट परत बसवा. एकावर एक दोन बोल्ट असतील तर ते एकमेकांना घट्ट टेकलेत ना, तेही बघा. बोल्ट काढूनही आवाज येत असेल तर दोष दुसरीकडे आहे: बट कॅप (शेपटाचं टोपण), कॉलर (जॉइंटवरचं कडं), किंवा ग्रिपच्या वरचा आतला जोड. तो जोड नवशिक्याने उघडू नये.

भोकात एपॉक्सी ओतून आवाज बंद करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आज आवाज जातो, पण पुढच्या वेळी वजन बदलायचं तर बोल्ट जागचा हलत नाही. असा चिकटलेला बोल्ट आला तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त बोल्टच्या डोक्याला लावून धरा, एपॉक्सी नरम पडू द्या, मग की फिरवा. बाहेरून हीट गन मारली तर लॅकरला फोड येतात.

आट्यांचंही सांगतो. सगळ्या क्यूंचे आटे सारखे नसतात. जुना बोल्ट काढून त्याच्याशीच नवा जुळवा. अर्धा इंच, 13 आट्यांच्या भोकात 12 मिलिमीटरचा बोल्ट सुरुवातीला सहज शिरतो, डुगडुगतो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की लाकडातले आटे गेलेच. जोराचा मोह शेवटच्या वेढ्यातही आवरा. बोल्ट तळाला टेकला की थांबा.

गुरू निवडताना माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. जो तुम्हाला टाकाऊ क्यू उघडू देतो, तो खरा शिकवतो. जो "नुसतं बघत राहा" म्हणतो, त्याच्याकडे वर्षं जातात.

एकसंध, म्हणजे न उघडणाऱ्या क्यूंचं काम मात्र लेथ असल्याशिवाय घेऊ नका. बटच्या टोकातलं भोक हाताने पाडलं तर ते मध्य सोडून वाकडं जातं. जुन्या क्यूत शिसं भरलेलं असू शकतं, त्यामुळे तिथे पॉलिश पेपर मारायच्या आधी मास्क लावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुऊनच काही खा.