वांद्र्याची ख्रिसमसची रोषणाई बघायला जाताय? २४-२५ला नको!

२४-२५ डिसेंबरला हिल रोडला गाडी घेऊन गेलं की अर्धी संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये जाते आणि पार्किंग तर विसराच, लहान मुलं बरोबर असली तर अजूनच हाल. आम्ही आता २६ नंतर जातो. बऱ्याच घरांची सजावट ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत असतेच, मग घाई कशाला? फक्त ३१ची रात्र टाळा.

१. ट्रेनने वांद्रे स्टेशन, वेस्टला बाहेर पडून रिक्षाने हिल रोड. पुढे सगळं चालत.

२. सहाच्या सुमारास पोचा. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाश निळं असतं तेव्हा फोटो मस्त येतात, पूर्ण काळोखात नुसते दिव्यांचे ठिपके दिसतात.

३. मेन रोडवर रेंगाळू नका, रनवार आणि चॅपल रोडच्या गल्ल्यांत शिरा. जुन्या बंगल्यांच्या लाकडी गॅलरीत कागदी चांदण्या लटकवलेल्या असतात आणि खाली गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा: सुकं गवत, मातीची मेंढरं, तळं म्हणून ठेवलेला आरशाचा तुकडा. मुलांना खाली बसवून नीट बघू द्या, खरी मजा तिथेच आहे.

४. तिथून सेंट अँड्र्यूज चर्च आणि मागचं चिंबई गाव.

एक मात्र पाळा, ही लोकांची राहती घरं आहेत. गेटच्या आत जायचं किंवा घरातल्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि मुलांना वायरींना हात लावू देऊ नका.