फ्योर्डच्या उंबरठ्याआडचे पाणी कसे मोजावे

मुंबईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या मनात समुद्राचे एक चित्र पक्के असते: पाणी वर कोमट आणि खाली जावे तसे गार. ध्रुवीय प्रदेशातल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनद्यांनी कोरून काढलेल्या खोल, लांबट खाड्यांमध्ये, हे चित्र उलटे करून घ्यावे लागते. तेथे वरचा थर वितळपाण्याचा असतो. ते गोडे म्हणून हलके, आणि हलके म्हणून थंड असूनही वरच राहते. त्याच्या खाली, शंभर-दोनशे मीटरांवर, महासागरातून आलेले खारट पाणी असते आणि ते गोठणबिंदूपेक्षा कित्येक अंशांनी ऊबदार असू शकते. हिमनदीचा पाण्यात बुडालेला कडा खालून झिजतो तो या पाण्यामुळे. म्हणून पृष्ठभागावर तापमापक बुडवून आलेला आकडा हिमनदीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही; खालचा ऊबदार थर किती जाड आहे, किती वेगाने आणि कोणत्या बाजूने आत येतो, हे शोधायचे असते.

सुरुवात तळाच्या नकाशापासून करावी. अनेक फ्योर्डच्या तोंडाशी हिमनदीने पूर्वी ढकलत आणलेल्या गाळाचा किंवा मूळ खडकाचा उंचवटा असतो. त्याला मराठीत उंबरठा म्हणणेच सोयीचे. बाहेरच्या पाण्याचा जो थर उंबरठ्याच्या वर असतो तो सहज घरात येतो, खालचा बहुधा दाराबाहेर अडतो. ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट हिमफ्योर्डच्या तोंडाशी असा उंबरठा साधारण अडीचशे मीटर खोलीवर आहे. १९९७ च्या सुमारास तेथल्या किनाऱ्यालगत ऊबदार पाणी येऊन पोहोचले आणि आतली याकोब्सहाव्न हिमनदी झपाट्याने पातळ होत मागे हटू लागली. २०१६ च्या सुमारास फ्योर्डबाहेरच्या डिस्को उपसागरातले पाणी थंड झाले, तेव्हा तिचा वेग मंदावला आणि तोंडाजवळची जाडीही वाढली. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांमधल्या कोंग्सफ्योर्डची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तोंडाशी ठळक उंबरठा नाही, त्यामुळे पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाहातले अटलांटिक पाणी समुद्रतळावरच्या दरीतून आत शिरू शकते. भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र याच फ्योर्डच्या काठी, नी-ओलेसुंड येथे, २००८ पासून आहे, आणि २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी ‘इंडार्क’ ही उपकरणमाळ तेथे सुमारे १९० मीटर खोल पाण्यात उतरवली. नकाशा हाती आला की किमान चार जागा ठरवाव्यात: उंबरठ्याबाहेर एक, उंबरठ्यावर एक, आतल्या खोल भागात एक आणि हिमनदीच्या जितके सुरक्षितपणे जवळ जाता येईल तेथे एक. याशिवाय फ्योर्डच्या रुंदीवर आडवी एक रांग घ्यावी. तिचे कारण पुढे येईल.

तयारीचा मोठा भाग मुंबईतच उरकतो, आणि मुंबईचा म्हणून एक धोकाही त्यात असतो. ऑगस्टच्या दमट हवेत बॅटरी बदलण्यासाठी उपकरणाची नळी उघडली तर ती हवा नळीतच बंद होते आणि शून्य अंशाच्या पाण्यात गेल्यावर तिच्यातली वाफ सर्किटवर दवासारखी साचते. म्हणून हे काम वातानुकूलित, कोरड्या खोलीत करावे, नळीत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या ठेवाव्यात आणि रबरी कड्या केस किंवा धूळ नाही ना हे पाहून, ग्रीसचा पातळ हात देऊन बसवाव्यात. थंडीत बॅटरीची क्षमता घटते. हिशेब करताना ती पूर्ण धरू नये. घड्याळाचा घोळ त्याहून सामान्य आहे. लॅपटॉप भारतीय वेळेवर, जहाज स्थानिक वेळेवर आणि उपकरण तिसऱ्याच वेळेवर असले की भरती-ओहोटीचे विश्लेषण कोलमडते. प्रत्येक यंत्र जागतिक समन्वित वेळेवर, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, लावावे आणि लावल्याचा क्षण वहीत लिहावा.

आता मोजमाप. तापमान, विद्युतवाहकता आणि दाब हे तिन्ही एकाच वेळी नोंदवणाऱ्या यंत्राला सगळीकडे सीटीडी म्हणतात. वाहकतेवरून क्षारता निघते, दाबावरून खोली. खोलीसाठी दोरावरच्या खुणांवर विसंबू नये, कारण प्रवाहात दोर तिरका होतो आणि शंभर मीटर दोर सोडला तरी यंत्र शंभर मीटर खाली गेलेले नसते. यंत्र पाण्यात सोडण्यापूर्वी हवेतला दाब नोंदवावा. मग ते पृष्ठभागाखाली काही मीटरांवर दोन-तीन मिनिटे तसेच धरावे, म्हणजे संवेदक पाण्याच्या तापमानाला येतात आणि पंपातले हवेचे बुडबुडे निघून जातात. त्यानंतर पुन्हा वर आणून एका लयीत, सेकंदाला साधारण अर्धा ते एक मीटर वेगाने, खाली सोडावे. वितळपाणी आणि खारे पाणी यांच्या सीमेवर तापमान व क्षारता काही मीटरांत बदलतात. तेथे घाई केली तर दोन संवेदकांच्या प्रतिसादातला फरक क्षारतेच्या खोट्या टोकांच्या रूपाने आलेखात दिसतो. खाली जातानाची नोंद प्रमाण मानावी, कारण वर येताना यंत्र स्वतःच ढवळलेल्या पाण्यातून जाते.

दोन जागांमधल्या प्रवासात सीटीडीची सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. वाहकता मोजणाऱ्या काचेच्या नळीत राहिलेले पाणी उणे तापमानाच्या वाऱ्यात गोठले तर काच तडकते. यंत्र ऊबदार पेटीत ठेवावे किंवा नळी पूर्ण निथळून घ्यावी. ओल्या कपड्यांनिशी थंडीत उभ्या असलेल्या माणसाला हे आठवत नाही, म्हणून ते एकाच व्यक्तीचे काम म्हणून आधीच नेमून द्यावे.

तापमानाचा आकडा गोठणबिंदूच्या तुलनेत वाचावा. ३५ क्षारतेचे, म्हणजे किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेले, समुद्रपाणी पृष्ठभागावर सुमारे उणे १.९ अंशांना गोठते आणि ३०० मीटर खोलीच्या दाबाखाली हा बिंदू आणखी सुमारे ०.२ अंशाने उतरतो. त्यामुळे १ अंशाचे पाणी आपल्याला बर्फगार वाटले तरी बर्फाच्या दृष्टीने ते तीन अंश ऊबदार असते.

प्रवाहाचे मोजमाप तापमानापेक्षा अवघड आहे, आणि माझ्या मते नवशिके नेमके उलटे समजतात. वसईच्या खाडीत पहिल्यांदा प्रवाहमापक सोडला तेव्हा ओहोटीचे दोन तास मोजून ‘पाणी सतत समुद्राकडे जाते’ असे मी वहीत लिहिले होते. होडीच्या तांडेलाने ते ऐकून शांतपणे विचारले, “साहेब, मग संध्याकाळपर्यंत खाडी सुकणार का?” फ्योर्डमध्येही तोच सापळा आहे. चंद्राची मुख्य भरती १२.४२ तासांनी परत येते, म्हणून एका जागी सलग किमान तेरा तास, आणि शक्य तर पंचवीस तास, मोजल्याशिवाय पाणी एकंदरीत कोणत्या दिशेला सरकते ते कळत नाही. उधाण आणि भांग यांचे चक्र धरायचे तर किमान पंधरा दिवस हवेत. ध्रुवाजवळ आणखी एक गुंता आहे. वाऱ्याने ढकललेले पाणी पृथ्वीच्या परिवलनामुळे ज्या कालावधीत गोल फिरते, तो मुंबईच्या अक्षांशावर सुमारे ३७ तासांचा असतो, पण ७९ अंशांवर तो सुमारे १२.२ तासांवर येतो, म्हणजे भरतीच्या कालावधीला जवळजवळ चिकटतो. या दोघांना वेगळे करायला जवळपास महिन्याभराची सलग नोंद लागते. परिवलनाचा दुसरा परिणाम म्हणजे रुंद फ्योर्डमध्ये प्रवाह काठाला चिकटून चालतो: उत्तर गोलार्धात पाणी आपल्या वाटेच्या उजव्या काठाने आत येते आणि बाहेर जातानाही आपल्याच उजव्या हाताचा, म्हणजे समोरचा, काठ धरते. मध्यभागी एकच यंत्र ठेवले तर दोन्ही निसटतात. आडवी रांग घेण्याचे कारण हेच.

प्रवाहासाठी ध्वनीवर चालणारे एडीसीपी वापरतात. जलद लोकल भोंगा वाजवत फलाटावरून न थांबता जाते तेव्हा येताना आणि जाताना भोंग्याचा सूर बदलतो; त्याच तत्त्वाने हे यंत्र पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवरून व कणांवरून परतलेल्या ध्वनीतला बदल मोजते आणि थराथराचा वेग काढते. कंपनसंख्या निवडताना पल्ला आणि बारकावा यांत तडजोड असते: ३०० किलोहर्ट्झचे यंत्र साधारण शंभर मीटरपर्यंत बारकाईने पाहते, ७५ किलोहर्ट्झचे पाचशे मीटरांपर्यंत पोहोचते पण थर जाड घेते. हिवाळ्यात पाण्यात कण कमी असतात आणि पल्ला घटतो. यंत्र तळाकडून वर पाहत असेल आणि त्याचे किरण २० अंशांनी तिरके असतील, तर पृष्ठभागालगतचा साधारण ६ टक्के भाग परावर्तनामुळे बिघडतो. तो आलेखात कितीही सुबक दिसला तरी टाकून द्यावा.

या यंत्राला दिशा कळते ती आतल्या होकायंत्रावरून, आणि ध्रुवाजवळ होकायंत्र दुबळे होते. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी विजेच्या ट्रामच्या भीतीने १९०४ पासून अलिबागला हलवाव्या लागल्या, हे मुंबईकरांना ठाऊक असेल. शहराच्या तारांनी जे तेथे केले असते ते येथे बॅटरीचे पोलादी वेष्टन करते. स्वालबार्डमध्ये पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा भाग मुंबईच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने जवळचे थोडे लोखंडही सुई भरकटवते. होकायंत्राचे अंशशोधन मुंबईत करून उपयोग नाही. ते मोजमापाच्या प्रदेशातच, नव्या बॅटऱ्या आत बसवल्यानंतर, लोखंडी डेकपासून दूर जमिनीवर करावे, आणि चौकट शक्यतो चुंबकीय नसलेल्या धातूची घ्यावी.

वर्षभराच्या नोंदीसाठी उपकरणमाळ नांगरून ठेवतात, तिला मूरिंग म्हणतात. तळाला वजन, त्यावर ध्वनिसंकेत मिळताच सुटणारा आकडा, मग दोर, दोरावर तापमापक व सीटीडी, आणि माळ ताठ ठेवणारे तरंगे. तापमापक समान अंतरावर लावण्याचा मोह टाळावा. थरांच्या सीमेजवळ दाट आणि खाली विरळ लावावेत. प्रवाहात माळ झुकते, म्हणून दोन-तीन खोल्यांवर दाबमापक असावेत. वरचे टोक किती खोल ठेवायचे हे हिमनग ठरवतात. हिमनगाचा बुडालेला भाग हिमनदीच्या तोंडाशी असलेल्या पाण्याच्या खोलीहून फारसा मोठा असू शकत नाही, हा नियम सुरुवातीला पुरतो. तोंडाशी उथळ असलेल्या फ्योर्डमध्ये वरचे तरंगे बऱ्यापैकी वर ठेवता येतात, ग्रीनलंडच्या खोल फ्योर्डमध्ये ते शेकडो मीटर खाली न्यावे लागतात आणि वरच्या थराची नोंद सोडावी लागते.

खुद्द कड्याजवळ होडी नेऊ नये. बर्फाचा तुकडा कोसळला की उठणारी लाट आणि पाण्याखालून अचानक उसळणारा बर्फ या दोहोंपुढे होडीला वेळ मिळत नाही. अशा जागी विमानातून टाकायची यंत्रे, मानवरहित होड्या किंवा सीलच्या अंगावर चिकटवलेले संवेदक वापरले गेले आहेत. नासाने २०१६ पासून ग्रीनलंडभोवती पाच-सहा उन्हाळे अशी शेकडो यंत्रे विमानातून सोडली.

नोंदी हाती आल्यावर क्षारता आडव्या आणि तापमान उभ्या अक्षावर घेऊन सर्व बिंदू मांडावेत. समुद्रपाण्याने बर्फ वितळवला असेल तर त्याची उष्णता खर्च होते आणि बिंदू क्षारतेच्या एका एककामागे सुमारे अडीच अंश इतक्या तीव्र उताराच्या रेषेवर उतरतात. हिमनदीखालून आलेले ओढ्याचे पाणी नुसते मिसळले असेल तर उतार बराच सौम्य असतो. त्यानंतर उष्णतेचा हिशेब. १०० मीटर जाड आणि ५ किलोमीटर रुंद थर सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने आत जात असेल, तर सेकंदाला २५,००० घनमीटर पाणी होते, आणि ते गोठणबिंदूपेक्षा ३ अंश ऊबदार असेल तर सुमारे ३ लाख मेगावॉट उष्णता आत जाते. तिच्यातली बरीचशी बर्फाला न शिवता परत बाहेर जाते, म्हणून बाहेरचा थरही तितक्याच काळजीने मोजावा. याच उदाहरणात तापमान ०.०१ अंशाने चुकले तर उत्तर अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी हलते. वेग १ सेंटिमीटरने चुकला तर ते २० टक्क्यांनी बदलते. पैसा आणि दिवस कोठे खर्चावेत याचा निर्णय या गणितावरून घ्यावा.

माळ वर काढण्याच्या दिवशी, तळाचा आकडा ध्वनिसंकेताने सोडण्यापूर्वी, तिच्या शेजारी ताज्या सीटीडीची एक फेरी घ्यावी, म्हणजे वर्षभरात संवेदक किती सरकले ते तुलनेने कळते. वर आलेल्या संवेदकांवरची शेवाळाची साय छायाचित्र घेईपर्यंत पुसू नये. नोंद उतरवण्याआधी उपकरणाचे घड्याळ जागतिक वेळेशी ताडून फरक सेकंदांत लिहावा, आणि मूळ फाइलची एक प्रत कोणताही बदल न करता वेगळ्या डिस्कवर ठेवावी.