एलायझाने व्हीईजीएफ मोजताना: सीरम की प्लाझ्मा?

रक्तातलं व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) एलायझाने (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजायची चाचणी) मोजायचं असेल तर किट उघडण्याआधी नळी कोणती ते ठरवा. रक्त गोठताना प्लेटलेट्स (गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) स्वतःजवळचं व्हीईजीएफ बाहेर सोडतात, त्यामुळे सीरममधला (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) बराच जास्त येतो. वाढ आजाराची की प्लेटलेट्सची, हे मग कळत नाही. माझं मत विचाराल तर ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लाझ्माच घ्या. अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) वर १५ मिनिटं फिरवा, वरचा थर उचलून पुन्हा १०,००० जी वर १० मिनिटं. दुसरी फेरी कंटाळवाणी वाटते खरी, पण उरलेल्या प्लेटलेट्स तिथेच खाली बसतात. नमुना फ्रीझरमध्ये गोठवल्यावर त्या फुटल्या की सगळं मुसळ केरात. काही रुग्णांचं सीरम आणि काहींचा प्लाझ्मा, अशी खिचडी तर नकोच.

नमुना रक्ताऐवजी ऊतीचा असेल तर तुकडा आधी थंड पीबीएसमध्ये (मिठाचं बफर द्रावण) धुवा, नाहीतर त्यात अडकलेलं रक्तही मोजलं जातं. प्रोटिएज इन्हिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) घालून बर्फावर वाटा. निकाल एकूण प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे पिकोग्रॅममध्ये द्या. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणारं द्रावण) एसडीएस हे डिटर्जंट असेल तर एकूण प्रथिन मोजायची ब्रॅडफोर्ड पद्धत गडबडते, बीसीए पद्धत बरी.

आणि हो, बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एलायझात रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमलाच रोखतं.

नवीन प्रकारचा नमुना आला की एकच नमुना दुप्पट, चौपट, आठपट पातळ करून लावा. आकडे परत गुणल्यावर जुळले नाहीत तर नमुन्यातलं काहीतरी आड येतंय. ते सुटेपर्यंत बाकीच्या नमुन्यांवर प्लेट खर्च करू नका.