सेन्सर शिकवायचाय? आधी पुठ्ठा आणि कात्री काढा

सातवी-आठवीच्या मुलांना सेन्सर शिकवायचे असतील तर पहिल्या तासाला सेन्सर वर्गात आणूच नका, असं मी अगदी मनापासून सांगते. किट टेबलावर ठेवलं की सगळं लक्ष वायरी जोडण्यात जातं, एलईडी लागला की टाळ्या आणि विषय संपला, मग या सेन्सरनं नेमकं मोजलं काय असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. आधी अडचण, मग डिझाइन, सेन्सर सगळ्यात शेवटी.

अडचण शोधायला लांब जावं लागत नाही. मुलांना विचारा, घरी कशावर सारखं लक्ष ठेवावं लागतं? आपल्या इंदूरात बऱ्याच भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मोटर लावली की गच्चीवरची टाकी वाहायला लागली का म्हणून कोणीतरी कान लावून बसलेलं असतं. दूध उतू जाणं, जिन्यातला दिवा दिवसभर जळत राहणं, कुंडीतली माती सुकणं, अशी यादी दहा मिनिटांत फळाभर होते.

मग चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येकाला एक कागद द्या, त्यावर तीनच प्रश्न: काय बदलतंय? ते कशानं मोजता येईल? मोजल्यावर काय व्हायला हवं? पहिल्या प्रश्नावर भरपूर वेळ द्या, खरं शिकणं तिथेच होतं. टाकी भरताना काय बदलतं? पाणी वर चढतं, म्हणजे झाकण ते पाणी हे अंतर कमी होतं, टाकीचं वजन वाढतं, पाणी पडण्याचा आवाज बदलतो, आणि वर एखादी तार लावून ठेवली तर तिला पाणी टेकतं. अडचण एकच पण मोजायच्या चार गोष्टी, म्हणजे चार वेगळे सेन्सर, हे मुलांनी स्वतः काढलं की पुढचं सोपं.

इंदूरची मुलं म्हटल्यावर एखादा गट ओला-सुका कचरा आपोआप वेगळा करणारा डबा सुचवणारच, इथे घरोघरी कचऱ्याची गाडी येते आणि ओला-सुका लहानांनाही पाठ असतं. त्यांना अडवू नका, फक्त संत्र्याची साल आणि नुकतीच धुतलेली प्लास्टिकची बाटली समोर ठेवा. ओलावा मोजणाऱ्या सेन्सरला दोन्ही ओल्याच! सेन्सरला कचरा कळत नाही, त्याला फक्त ओलावा कळतो. हे एकदा पटलं की मुलं प्रत्येक सेन्सरबद्दल याला नक्की काय दिसतं असं विचारायला लागतात.

आता पुठ्ठा, बाटल्या, टेप काढा आणि मॉडेल करायला लावा, सेन्सरच्या जागी नुसती चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठी टाकीच्या आत की बाहेर, वर की खाली, यावर जोरदार वाद होतात, होऊ द्या.

पुढच्या तासाला खरे सेन्सर. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा किंवा ऑनलाइन मागवा. टाकीवाल्या गटाला अर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्डसुद्धा लागत नाही. ९ व्होल्टची बॅटरी, एक बझर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर (त्याचे तीन पाय म्हणजे बेस, एमिटर आणि कलेक्टर), १ किलोओहमचा रेझिस्टर आणि दोन तारा पुरतात. बॅटरीच्या प्लसमधून एक तार पाण्यात, दुसरी तार पाण्यातून रेझिस्टरमार्गे ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर मायनसला, बझर प्लस आणि कलेक्टरच्या मध्ये. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून थोडा करंट जातो, ट्रान्झिस्टर तो वाढवतो आणि बझर वाजतो. टाकी म्हणजे बाटली किंवा बादलीच घ्या, घरच्या मोटरला किंवा प्लगला कोणीही हात लावायचा नाही हे आधीच बजावा. तारा सतत पाण्यात राहिल्या तर गंजतात, तेही मुलांना बघू द्या.

दिव्यावाल्यांना एलडीआर म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर द्या, उजेड वाढला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. १० किलोओहमच्या रेझिस्टरसोबत अर्डुइनो ऊनोला जोडला की ० ते १०२३ मधला एक आकडा मिळतो. खिडकीपाशी किती, बाकाखाली किती हे वहीत लिहायला सांगा आणि दिवा कोणत्या आकड्यावर लावायचा ते गटानं ठरवायचं, कारण आकडा सेन्सर देतो पण अंधार कशाला म्हणायचं ते आपण ठरवतो. अंतरासाठी एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर छान, तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो जो आपल्याला ऐकूच येत नाही, आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, आता भिंत २ मीटरवर असेल तर किती वेळ लागेल हे फळ्यावर करून घ्या, जाऊन-येऊन ४ मीटर हे बरेच जण विसरतात. उत्तर जेमतेम १२ मिलिसेकंद येतं.

किटसाठी पैसे नसतील तर फोनवर फायफॉक्स हे फुकट ॲप टाका, फोनमधल्या सेन्सरचे आकडे थेट दिसतात.

शेवटचा तास फसवाफसवीचा ठेवा. प्रत्येक गटानं दुसऱ्याचं मॉडेल फसवायचं. एलडीआरवर बोट ठेवा, अल्ट्रासॉनिकसमोर वाकडा पुठ्ठा किंवा जाड स्वेटर धरा, तारांवर नुसते चार थेंब टाका. मॉडेल फसलं की त्या गटानं तोच तीन प्रश्नांचा कागद काढायचा आणि नवं उत्तर लिहायचं, कोणी सेन्सरची जागा बदलतं तर कोणी सोबत दुसरा सेन्सर जोडतं. मार्क द्यायचेच असतील तर या खाडाखोड केलेल्या कागदाला द्या.